बापूजींच्या खात्यातले देश

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आपलं कार्यकारी मंडळ वाढवलं आणि यवतमाळच्या एका वकिलाला त्यात घेतलं. वाट्याला आलेलं खातं नवंकोरं होतं. परदेशात राहणाऱ्या हिंदी लोकांचं काम तोवर शिक्षण, आरोग्य आणि जमीन अशा जंगी खात्याच्या एका कोपऱ्यात चालायचं. ते आता वेगळं काढलं गेलं. ब्रह्मदेश, सिलोन (आजची श्रीलंका), मलाया, दक्षिण आफ्रिका, केनिया, मॉरिशस, फिजी, जिथे जिथे हिंदी माणूस घाम गाळत होता तिथल्या फायली यापुढे माधव श्रीहरी अणे यांच्या टेबलावर येणार होत्या. वणीत जन्मलेले, १९०८ पासून यवतमाळात वकिली केलेले, टिळकांच्या तालमीत तयार झालेले आपले बापूजी.

यवतमाळात अण्यांची ओळख सांगताना जंगल सत्याग्रह आठवतो, आणि ते बरोबरच आहे. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी गवत कापलं, कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. बिहारचं राज्यपालपद आठवतं, टिळकांवरचं त्यांचं संस्कृत महाकाव्य आठवतं, त्याला मरणोत्तर मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कारही आठवतो. पण १९४१ ते १९४७ ही मधली सहा वर्षं भाषणांत दोन वाक्यांत उरकली जातात. मला तीच वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. परदेशात राहायला कोणता देश चांगला, हा प्रश्न आज आपल्या घराघरांत चर्चेला येतो. त्या प्रश्नाशी सरकारी पातळीवर रोज झुंजणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला होता.

गवत कापून तुरुंगात गेलेला माणूस अकरा वर्षांत व्हाइसरॉयच्या मंडळात कसा बसला, असं तेव्हाही अनेकांनी विचारलं. काँग्रेसची मंडळी नाराज होती. अणे मात्र पहिल्यापासून प्रतिसहकारवादी. जेवढा अधिकार मिळेल तेवढा पदरात घ्यायचा, तो लोकांसाठी वापरायचा आणि उरलेल्यासाठी भांडत राहायचं, ही टिळकांची शिकवण त्यांनी कधी सोडली नाही. मला त्यांचा निर्णय पटतो. परदेशातल्या मजुराला वाली हवा होता, आणि स्वराज्य येईपर्यंत त्याने थांबावं असं त्याला कोण सांगणार?

या खात्याचं आतलं काम पाहण्यासारखं होतं. गिरमिट, म्हणजे करारात बांधून मजूर नेण्याची पद्धत, १९१७ मध्ये थांबली आणि १९२२ च्या कायद्याने नवा नियम घातला: अकुशल मजूर नेता येईल तो फक्त हिंदुस्थान सरकारने मान्य केलेल्या देशात, मान्य केलेल्या अटींवर. या अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला सिलोन आणि मलायात सरकारचे एजंट नेमले गेले. दक्षिण आफ्रिकेत १९२७ पासून त्याहून वरच्या दर्जाचा प्रतिनिधी होता. पहिले श्रीनिवास शास्त्री. एजंटांचे अहवाल दिल्लीला यायचे. त्यात मजुरीचे दर असत, तांदळाचा भाव असे, मळ्यावरच्या शाळा, दवाखाने, ताडीची दुकानं, बायकापुरुषांचं प्रमाण, परत आलेल्यांची संख्या. सिलोनच्या उंचावरच्या चहामळ्यांत १९२० च्या दशकाच्या अखेरीस ठरलेला रोज होता पुरुषाला ५४ सेंट, बाईला ४३ आणि पोराला ३२. पोराचा रोज सरकारी दरपत्रकातच होता, यावरून मळ्यावरचं जगणं काय होतं ते कळतं.

देशादेशांची तुलना करायला एवढी सामग्री दुसऱ्या कुणाकडे नसेल. पण मजुरी आणि शाळा यांच्या पलीकडचा एक प्रश्न या सगळ्या फायलींत वर येत होता, आणि अण्यांच्या काळात तो सगळ्यांत मोठा झाला. हा माणूस तिथे कुणाचा म्हणून राहतो? तिथल्या सरकारने उद्या जा म्हटलं तर तो काय दाखवू शकतो?

पहिला झटका ब्रह्मदेशाने दिला. अण्यांचे गुरू टिळक यांनी मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ ही वर्षं काढली तेव्हा मंडाले हिंदुस्थानातच होतं. एप्रिल १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला आणि तिथले सुमारे दहा लाख हिंदी लोक घरचा उंबरठाही न ओलांडता परदेशात जाऊन पडले. रंगून शहरात तर निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी होती. गोदीतला हमाल, दुकानदार, सावकार, रेल्वेतला कारकून, डॉक्टर. १९४१ मध्ये हिंदुस्थानशी झालेल्या करारात यापुढे येणाऱ्यांवर परवाने आणि फी यांची बंधनं आली. हा करार गिरिजाशंकर वाजपेयींनी वाटाघाटी करून आणलेला. ते पुढे वॉशिंग्टनला गेले आणि कायदेमंडळात त्यावर उठलेल्या टीकेला तोंड द्यायची वेळ अण्यांवर आली. आदल्या काही वर्षांत याच सभागृहात ते विरोधी बाकावरून सरकारला धारेवर धरत असत. आता समोरून येणारा प्रत्येक प्रश्न त्यांना स्वतःला विचारावासा वाटत असेल, अशी माझी खात्री आहे.

त्या कराराची शाई वाळते न वाळते तोच २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर जपानी बाँब पडले. पुढच्या पाच महिन्यांत अंदाजे चार ते पाच लाख हिंदी माणसं आराकानच्या डोंगरातून, मणिपूरच्या वाटेने, चिखल, पटकी आणि मलेरिया तुडवत हिंदुस्थानकडे चालत आली. किती वाटेत मेली याचा नेमका हिशेब कधीच लागला नाही. हजारो मेली हे नक्की. गोऱ्यांना वेगळी सोयीची वाट आणि काळ्यांना दुसरी, ही तक्रार वर्तमानपत्रांत आणि कायदेमंडळात गाजली. निर्वासितांचं हे काम ज्या खात्याकडे होतं, ते खातं जन्माला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. दोन पिढ्या रंगूनमध्ये चांगला पगार घेतलेल्या माणसांना त्या वाटेवर पगाराचा काडीचाही उपयोग झाला नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमधल्या कैदेत एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्यांची प्रकृती ढासळत होती, सरकार सोडायला तयार नव्हतं. अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी एकदम राजीनामे दिले. अण्यांचे गांधीजींशी मतभेद होते, १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर त्यांनी मालवीयजींबरोबर वेगळा पक्षही काढला होता. तरी ही वेळ आली तेव्हा खुर्ची सोडायला त्यांना फार विचार करावा लागला नाही.

खुर्ची रिकामी झाली, पण ती विदर्भाच्या हातून गेली नाही. हा किस्सा मला फार आवडतो. अण्यांच्या जागी आले नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. तेच खरे, जे १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले आणि जुलै १९३८ मध्ये श्रेष्ठींशी बिनसून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर तेव्हा राजीनामा देणाऱ्यांत अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख होते. दिल्लीत हे खातं खऱ्यांच्या हाताशी आल्यावर १९४५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर म्हणून गेले ते हेच रामराव. नागपूरच्या मंत्रिमंडळातून एकाच दिवशी उतरलेले दोघे, एक दिल्लीत आणि दुसरा दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या हिंदी लोकांच्या जमिनीच्या हक्कासाठी लढत होते. डरबनमध्ये हिंदी माणसाने कुठे घर घ्यावं यावर १९४३ च्या कायद्याने पाचर मारली होती. १९४६ च्या कायद्याने ती आणखी ठोकली. हिंदुस्थानने त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि रामरावांना परत बोलावलं. वर्णद्वेषापायी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा हा पहिला देश, आणि तो अजून स्वतंत्रही झाला नव्हता. यवतमाळ, नागपूर, अमरावती या तीन गावांच्या माणसांनी हे काम केलं, हे आपल्या शाळांत शिकवलं गेलं पाहिजे.

अणे स्वतः रिकामे बसले नाहीत. ऑगस्ट १९४३ मध्ये ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून कोलंबोला गेले. जिथल्या फायली दिल्लीत वाचल्या होत्या, तिथे आता राहायचं होतं.

सिलोनचा गुंता समजून घेतला पाहिजे, कारण सगळ्या देशांतला मोठा धडा तिथे आहे. इंग्रजांनी आधी कॉफीसाठी आणि कॉफीवर रोग पडल्यावर चहासाठी तमिळ मुलखातून मजूर नेले. शंभर वर्षांत त्यांच्या तीन-चार पिढ्या तिथल्या डोंगरांत जन्मल्या आणि मेल्या. १९३१ च्या राज्यघटनेने सिलोनला प्रौढ मताधिकार दिला, हिंदुस्थानच्या कितीतरी आधी. पण मळ्यावरच्या हिंदी माणसाला मत द्यायचं तर एक तर शिक्षण आणि मालमत्तेची अट पुरी करावी लागे, नाहीतर कायम वास्तव्याचा दाखला घ्यावा लागे. त्या दाखल्यासाठी लिहून द्यायचं होतं की परक्या सरकारच्या संरक्षणावर आपला हक्क राहणार नाही. म्हणजे मत घे आणि हिंदुस्थान सरकारचा हात सोड. ज्या मजुराच्या पाठीशी तो एकच हात होता, त्याने काय करायचं?

१९३९ मध्ये सिलोन सरकारने आपल्या खात्यांतले रोजंदारीवरचे हिंदी कामगार काढायला सुरुवात केली. जवाहरलाल नेहरू समजूत घालायला जुलैत तिथे गेले, ते जमलं नाही, आणि १ ऑगस्ट १९३९ पासून हिंदुस्थानने सिलोनला मजूर पाठवणं बंद केलं. बंदी मजुराच्या भल्यासाठी होती. पण तिचा पहिला मार मजुरालाच बसला. गावी आईचं दुखणं काढायला आला तर परत मळ्यावर कसा जाणार? पुढे ती सैल करावी लागली. चांगल्या हेतूने काढलेला हुकूमसुद्धा गरिबाच्या संसारावर कसा पडतो हे अण्यांनी दिल्लीतही पाहिलं आणि कोलंबोतही.

कोलंबोतल्या चार वर्षांत त्यांच्यासमोर सिलोनची नवी घटना घडत होती. त्यासाठी इंग्रजांनी नेमलेला सोलबरी आयोग १९४४ च्या अखेरीस आला. सिलोनचे नेते डी. एस. सेनानायके स्वराज्याकडे निघाले होते, आणि नागरिक कोण हे आम्ही ठरवू, यावर ते ठाम होते. सेनानायक्यांची बाजू पोकळ नव्हती. डोंगराळ भागातल्या सिंहली शेतकऱ्याची जमीन इंग्रजांच्या मळ्यांनी गिळली होती, आणि त्याला मळा दिसला की त्यावरचा तमिळ मजूर दिसायचा. जमीन गिळणारा गोरा लंडनला परतणार होता. मजूर तिथेच राहणार होता. केगल्ले जिल्ह्यातला नेव्हस्मायर नावाचा मळा सरकारने गावकऱ्यांना जमीन वाटायला घेतला आणि तिथल्या हिंदी कामगारांना निघून जायला सांगितलं, तेव्हा १९४६ च्या उन्हाळ्यात मळ्यामळ्यांवर संप पसरला. ही माणसं जाणार कुठे, याला उत्तर नव्हतं.

अणे १९४७ मध्ये परतले. स्वतंत्र भारताचे तिथले पहिले हायकमिशनर झाले व्ही. व्ही. गिरी, पुढे जे राष्ट्रपती झाले. आणि १९४८ मध्ये सिलोनचा नागरिकत्वाचा कायदा आला. सिलोनमध्ये जन्मलास एवढं पुरेसं नव्हतं. बापही तिथेच जन्मलेला, नाहीतर आजोबा आणि पणजोबा दोघेही तिथले, हे सिद्ध करायचं. मळ्यावर जन्माची नोंद ठेवली कुणी होती? सुमारे सात लाख माणसं कुठल्याच देशाची उरली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांचं मतही गेलं. १९४७ च्या निवडणुकीत त्यांनी आपले खासदार निवडून दिले होते. १९५२ मध्ये ते मतदारयादीतच नव्हते.

३० ऑक्टोबर १९६४ ला लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला. ९,७५,००० माणसांची वाटणी: ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं मागाहून बघू. त्या माणसांना विचारलं कुणी नाही. आणि त्या वेळच्या लोकसभेत नागपूरचे खासदार होते माधव श्रीहरी अणे, वय वर्षं ८४. उरलेल्या दीड लाखांची निम्मीनिम्मी वाटणी १९७४ मध्ये झाली, आणि शेवटच्या लोकांना श्रीलंकेचं नागरिकत्व मिळायला २००३ उजाडलं. अण्यांचा मृत्यू २६ जानेवारी १९६८ चा. त्यांनी हाताळलेली फाईल त्यांच्या मागे पस्तीस वर्षं चालू राहिली.

कोणता देश आपल्याला आपलं म्हणेल, ही परीक्षा आपल्या शेजारच्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंनी स्वतःच्या अंगावर दिली. जपान, अमेरिका, इराण, जर्मनी, रशिया असे देश या क्रांतिकारकाने पायाखाली घातले. श्रीमंती पाहिली तर अमेरिका पुढे होती. पण १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले आणि तिथे त्यांना चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापकी मिळाली, मक्यावर संशोधन करता आलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढता आल्या. दिएगो रिव्हेराने सरकारी इमारतीच्या भिंतीवर, भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांच्या चित्रात, त्यांना रंगवलं. स्वातंत्र्यानंतर भारतात यायला निघाले तर इंग्रजांच्या काळातली बंदी अजून कागदावर होती आणि आधी व्हिसाच नाकारला गेला. स्वतःच्या देशाने! शेवटी ते आले, आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

हे सगळं मी आज का सांगतो, ते सांगतो. यवतमाळात परदेशी जाणाऱ्या मुलांचे अर्ज वाचून देण्याचं, कागद जुळवून देण्याचं काम माझ्याकडे येतं. मुलं वहीत रकाने आखून आणतात. जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दुबई. पुढे पगार, थंडी, घरभाडं, शाकाहारी जेवण, मराठी मंडळ आहे की नाही. मेहनत घेतलेली असते. पण जे रकाने अण्यांच्या खात्याला सगळ्यात जड गेले, ते वहीत नसतात.

दारव्ह्याकडचे एक काका मुलाबरोबर आले होते. मुलगा पगाराचे आकडे सांगत होता आणि ते गप्प बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, पगाराचं जाऊ द्या. पोरगं तिकडचंच झालं त वावर त्याच्या नावावर राह्यते का नाई?" इतक्या दिवसांत इतका नेमका प्रश्न मी कुठल्या पदवीधराकडून ऐकला नव्हता.

उत्तर असं आहे. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. आपला कायदा दोन्ही ठेवू देत नाही. जर्मनीने २०२४ पासून दुसरं नागरिकत्व ठेवायला परवानगी दिली आणि पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, पण आपल्या बाजूने ते दार बंदच आहे. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घेतलं तर ये-जा सुटते, मात्र मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची जमीन वारसाने येऊ शकते; विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. काकांचं वावर पोराकडे येईल, पण पोराला बांधाला लागून आणखी एकरभर घेता येणार नाही. हे ऐकल्यावर बापलेकांमध्ये जे बोलणं झालं ते आधी कधीच झालं नव्हतं, हे मला दिसत होतं.

बाकीच्या देशांचंही असंच नीट बघावं लागतं. खाडीच्या देशांत वीस-वीस वर्षं राबूनही तिथलं नागरिकत्व मिळण्याची आशा जवळजवळ नसते. तिथे पैसा कमवायला जावं, मुळं रोवायला नाही, आणि हे जाण्याआधीच घरात ठरवावं. अमेरिकेत ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा सात टक्क्यांवर अडवला आहे, त्यामुळे नोकरीवर गेलेला भारतीय वर्षानुवर्षं रांगेत राहतो आणि नोकरी गेली तर देश सोडायची वेळ येते. कॅनडात कायम वास्तव्य मिळाल्यावर पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिलं की नागरिकत्वाला अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियाला चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष कायम रहिवासी म्हणून. मी स्वतः मुलांना सांगताना दुबईचा पगार आणि कॅनडाचा पगार एका रकान्यात मांडू देत नाही. त्यांची तुलनाच होत नाही.

दहावी न झालेल्या मुलांची काळजी मला जास्त वाटते. वाहनचालक, वेल्डर, गवंडी म्हणून जाणाऱ्या या मुलांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी तपासणी आवश्यक' असा शेरा असतो आणि ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. अनेकांना ती कटकट वाटते आणि दलाल पर्यटक व्हिसावर जायला सुचवतो. ही मंजुरी म्हणजे अण्यांच्या वेळच्या कायद्याचाच आजचा वारस आहे. ती टाळून गेलेला माणूस तिकडे अडकला तर वकिलातीकडे त्याचा करारच नसतो.

म्हणून यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेडच्या घरांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी निघायच्या आधी दलालाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदलेलं आहे का ते बघा. नोंदणीकृत दलालाला ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. करार हातात घ्या, त्याची प्रत घरी ठेवा. नोकरी सुटली तर किती दिवस राहता येतं, जोडीदाराला काम करता येतं का, तिथे जन्मलेलं मूल कुठल्या देशाचं ठरतं, हे लेखी विचारा. मुलाचा जन्म तिकडे झाला तर एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा. आणि नागरिकत्व बदललं नसेल तर फॉर्म ६ए भरून आपल्या गावच्या मतदारयादीत नाव ठेवा. मत द्यायला प्रत्यक्ष यावं लागतं, पण नाव राहतं.